देवचार कोणाचा? मराठी कोशकारांना खुले पत्र

प्रति,
मराठीचे शब्दकोश, शालेय कोश आणि मोबाइलवरचे कोश सिद्ध करणाऱ्या सर्व संपादक मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

वेंगुर्ले तालुक्यात, शिरोड्याला लागून, आरवली हे गाव आहे. तिथे वेतोबाचं देऊळ आहे. नवस फेडायला येणारी माणसं केळ्यांचे घड आणतात आणि चामड्याच्या वहाणा आणतात, कुणाच्याच पायाला होणार नाहीत एवढ्या मोठ्या. वेतोबा रात्रभर गावाची राखण करत फिरतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. मुंबईला नोकरीत असलेला आरवलीकर अडचणीत सापडला की त्याच्या तोंडी पहिलं नाव हेच येतं. खाली गोव्यात आमोण्याला आणि लोलयेला तोच देव बेताळ म्हणून उभा आहे.

आता शाळेच्या दप्तरात आणि मोबाइलवर जे छोटे कोश चालतात, त्यांतला एखादा उघडावा. वेताळ : भुतांचा राजा, एक पिशाच. झालं.

यात खोटं काहीच नाही. संस्कृत कथांतला वेताळ प्रेतात शिरतो, झाडाला लोंबकळतो, राजाच्या खांद्यावर बसून कोडी घालतो. तो अर्थ कोशात असायलाच हवा. माझी तक्रार एवढीच की ज्यांनी त्याची पूजा बांधली त्यांचा अर्थ गळला आणि ज्यांना त्याचं भय वाटलं त्यांचा उरला. एका शब्दापुरतं हे झालं असतं तर मी पत्र लिहायला बसले नसते. पण पवित्र आणि अपवित्र, तारक आणि मारक, अशा शक्तींची नावं मराठीत शेकड्यांनी आहेत, आणि त्यांच्याबाबतीत ही गळती नेहमी एकाच अंगाला होते. हे शब्द वस्तूचा स्वभाव सांगत नाहीत. बोलणारा कुठल्या बाजूला उभा आहे ते सांगतात. कोशात मात्र ते पाणी, दगड, झाड या शब्दांसारखे ठाम अर्थ घेऊन बसतात.

माझ्याच मुलखातला दुसरा शब्द घ्या : देवचार. सिंधुदुर्गात आणि गोव्यात गावाच्या वेशीवर, व्हाळाच्या काठी, जुन्या झाडाच्या बुंध्याशी देवचाराची जागा असते. तो राखणदार. अंगावर घोंगडी, हातात काठी. रात्री वाट चुकलेल्याला घराच्या दारापर्यंत आणून सोडतो अशा गोष्टी प्रत्येक घरात आहेत. त्याला रोट देतात, कुठे विडी, कुठे सोरो म्हणजे दारू. गाऱ्हाणं घालताना त्याचंही नाव घेतलं जातं आणि जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तो रागीट आहे, जागा सोडून वागलात तर आजारी पाडतो, हेही खरं. पण तो आपला आहे.

गोव्यातल्या ख्रिस्ती कोंकणीत ‘देवचार’ म्हणजे सैतान. प्रार्थनेत त्याच्यापासून सोडव म्हणून मागणं असतं. मासळीबाजारात एकाच पाटीवर बांगडे निवडणाऱ्या दोन बायका हा शब्द सारख्याच हेलात उच्चारतात. एकीचा हात कपाळाला जातो, दुसरी क्रूस काढते. सोळाव्या-सतराव्या शतकात गोव्यात उतरलेल्या मिशनऱ्यांना स्थानिक भाषेत स्वर्गाला, देवाला, सैतानाला शब्द शोधायचे होते. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले. 1616 साली रायतूरला छापलेल्या त्यांच्या ख्रिस्तपुराणात स्वर्ग हा ‘वैकुंठ’ आहे. म्हणजे विष्णूचं घर मानानं ख्रिस्तकथेत गेलं आणि गावकुसाच्या राखणदाराचं नाव त्या बोलीत सैतानाला चिकटलं. या शब्दाचा अर्थ एका ओळीत द्यायचा म्हटला तर आपण कुठल्या बाईची बाजू घेणार आहात?

जखीण, आसरा, मुंजा यांचंही तेच. जखीण म्हणजे अपुऱ्या इच्छेनं मेलेली बाई, लहान मुलांना घाबरवायचं भूत. पण शब्द आला यक्षिणीवरून, आणि कुडाळ तालुक्यातल्या माणगावला यक्षिणी ही ग्रामदेवता आहे. देशावर जाखाई, जाखमाता म्हणून तिलाच शेंदूर लागतो. साती आसरा मुळात अप्सरा. विहिरीवर, डोहावर त्यांची भीतीही आहे आणि ओटीही आहे. पिंपळावरच्या मुंज्याला पोरं भितात, तर मराठवाड्यात-खानदेशात मुंजोबाची देवळं आहेत. यांच्यावर फार वेळ घालवत नाही, कारण गावात राहिलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे.

‘डाकीण’ मात्र दोन ओळींत आटपण्यासारखा शब्द नाही. तिबेटी बौद्ध परंपरेत डाकिनी ही आकाशात संचार करणारी, ज्ञान देणारी स्त्रीशक्ती. साधक तिला वंदन करतात. आपल्याकडे सातपुड्यात, नंदुरबारच्या पट्ट्यात, एखाद्या बाईला डाकीण ठरवलं की तिला मारहाण होते, गाव सोडावं लागतं, जीवही गेले आहेत. अशा शब्दापुढे कोशात नुसतं ‘चेटूक करणारी स्त्री’ असं लिहिलं, की कोशानंच त्या बाईवर शिक्का मारल्यासारखं होतं. ‘चेटूक करते असा आरोप ठेवलेली स्त्री’ असं लिहायला तीनच शब्द जास्त लागतात. ते तीन शब्द घालावेत, ही माझी पहिली ठोस विनंती.

आता असुराकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे.

ऋग्वेदात यज्ञाच्या खांबाला बांधलेला शुनःशेप वरुणाची करुणा भाकतो तेव्हा त्याला ‘असुर प्रचेता राजन्’ अशी हाक मारतो. हे ज्ञानी असुरा, हे राजा, आमच्याकडून घडलेली पापं सैल कर. (पहिलं मंडळ, सूक्त 24.) ही शिवी नाही, कळवळ्याची प्रार्थना आहे. सविता हा सूर्यदेव ‘हिरण्यहस्तो असुरः’ आहे, सोन्याच्या हातांचा असुर. अग्नीलाही तेच विशेषण लागतं. तिसऱ्या मंडळातल्या 55 व्या सूक्तात तर 22 ऋचा आहेत आणि प्रत्येकीच्या शेवटी एकच चरण येतो : ‘महद् देवानामसुरत्वमेकम्’. देवांचं थोर असं असुरत्व एकच आहे. देवांचं असुरत्व! हे वाक्य आजच्या शालेय कोशाच्या आधारानं लावून पाहा, म्हणजे ‘देवांचा मोठा राक्षसीपणा’ असं काहीतरी हाती येईल. ‘असु’ म्हणजे प्राण, त्यावरून जोमदार, सामर्थ्यवान, स्वामी असा अर्थ अभ्यासक लावतात. ‘माया’ची कथाही जवळपास अशीच; पाचव्या मंडळात मित्र-वरुण ‘असुरस्य मायया’ पाऊस पाडतात, तिथे माया म्हणजे फसवणूक नव्हे, करणी करण्याचं कसब.

मग फिरलं कधी? एका दिवसात नाही. ऋग्वेदाच्याच काही ऋचांत ‘असुरघ्न’, असुरांना मारणारा, असं विशेषण दिसू लागतं. ब्राह्मणग्रंथांत देव आणि असुर हे दोन तट पडलेले असतात, आणि कथा पुन्हा पुन्हा एकाच वाक्यानं सुरू होते : देव आणि असुर, दोघेही प्रजापतीची लेकरं, आपसात झगडत होते. बृहदारण्यकात तर स्पष्टच म्हटलंय की देव धाकटे आणि असुर थोरले. म्हणजे ही भाऊबंदकी आहे. कोकणात वाढलेल्या माणसाला भाऊबंदकी समजावून सांगावी लागत नाही.

असुर हरले कशानं? शतपथ ब्राह्मणात आणि पतंजलीच्या महाभाष्यात त्याचं एक कारण दिलं आहे ते मला फार आवडतं. ‘हे अरयः’, अहो शत्रूंनो, असं म्हणायचं होतं. ते ‘हेलयो हेलयः’ म्हणाले आणि पराभूत झाले. र च्या जागी ल. पतंजली हे व्याकरण का शिकावं ते सांगताना म्हणतो, म्हणून मजेशीर वाटतं. पण जरा थांबून पाहिलं तर दुष्टपणाचा इथे मागमूस नाही. असुरांचा दोष एवढाच की त्यांचा उच्चार आमच्यासारखा नव्हता. शहरातल्या शाळेत न-ण वरून हसू झालेल्या पोरांनी हा उतारा जरूर वाचावा.

पुढे लोक असुर हा शब्द ‘अ-सुर’ असा तोडू लागले आणि नसलेला ‘सुर’ जन्माला आला. विधवेतून ‘धव’ म्हणजे नवरा असा शब्द असाच मागाहून काढला गेला. एकदा ‘सुर’ झाला म्हटल्यावर त्यालाही कथा हवी. रामायणाच्या बालकांडात ती आहे : समुद्रमंथनातून वारुणी म्हणजे सुरा वर आली, अदितीच्या मुलांनी ती घेतली म्हणून ते सुर, दितीच्या मुलांनी नाकारली म्हणून ते असुर. हल्ली हे ‘दारू न पिणारे ते असुर’ म्हणून व्हॉट्सअॅपवर इतिहासासारखं फिरतं. कवीनं शब्दाशी केलेला तो खेळ आहे. कोशात व्युत्पत्ती म्हणून तो जाऊ नये. ‘पारंपरिक निरुक्ती’ असं लिहून जरूर जावा.

आणि याच शब्दांची दुसरी पाती आपल्या शेजारीच, मुंबईत, राहते. पारशी बांधव ज्याला परमेश्वर म्हणतात तो अहुर मज्द. अहुर म्हणजेच असुर. इराणी भाषांत स चा ह होतो. होर्मुसजी हे नाव त्याचंच. उलट अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, ‘दएव’ म्हणजे दुष्ट शक्ती. वेंदिदाद या ग्रंथाच्या नावाचा मूळ अर्थच दएवांविरुद्धचा कायदा. त्यात दुष्टांच्या यादीत इंद्र आहे, शर्वाचं म्हणजे शिवाचं नाव आहे, नासत्य म्हणजे अश्विनीकुमार आहेत. पारशी माणूस कुस्ती, म्हणजे कमरेचा पवित्र दोरा, बांधताना जी प्रार्थना म्हणतो तिच्यात दएवी कपटाचा नाश होवो असं मागणं येतं. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर कुणी मराठी आजी ‘देवा, सांभाळ रे’ म्हणत असते. दोघंही सज्जन, दोघंही सकाळची पूजाच करताहेत.

इराणचा सम्राट क्षयार्ष, ज्याला आपण ग्रीकांच्या तोंडून झर्क्सीस म्हणून ओळखतो, तो इसवीसनापूर्वी 486 ते 465 या काळात राज्यावर होता. त्याचा एक लेख पर्सेपोलिसला सापडला. पूर्वी जिथे दैवांची पूजा होत होती ते ‘दैवदान’ मी अहुरमज्दाच्या इच्छेनं उद्ध्वस्त केलं, दैवांची पूजा करू नये अशी आज्ञा दिली, असं तो त्यात सांगतो. दैवदान म्हणजे आपल्या भाषेत देवस्थान. आपल्याकडच्या माणसाला हे वाक्य वाचताना पोटात गोळा येतो, कारण शब्द आपला आणि अर्थ उलटा.

तरीही हे दोन आरसे समोरासमोर ठेवल्यासारखं नीटनेटकं नाही. मित्र दोन्हीकडे पूज्य राहिला. त्याहून चमत्कारिक म्हणजे इंद्र दुष्टांच्या यादीत गेला, पण इंद्राचं ‘वृत्रहन्’, वृत्राला मारणारा, हे बिरुद ‘वेरेथ्रघ्न’ म्हणून पूजनीयच राहिलं. घासत घासत त्याचं ‘बेहराम’ झालं. पारशांच्या सर्वांत वरच्या दर्जाच्या अग्निमंदिराला आतश बेहराम म्हणतात. मुंबईत अशी चार आहेत, त्यांतलं सर्वांत जुनं, दादीसेठ, 1783 सालचं. गिरगाव-काळबादेवीच्या रस्त्यांवरून जाताना आपण वृत्र मारणाऱ्याच्या नावाजवळून जातो आणि आपल्याला पत्ता नसतो.

हे सगळं पाहून वैदिक आणि इराणी लोकांत धर्मावरून मोठी फूट पडली असावी, एकांनी दुसऱ्यांच्या देवांना शत्रू ठरवलं असावं, असं मत मार्टिन हाउग यांनी मांडलं. हे जर्मन पंडित 1859 ते 1866 पुण्यात, पूना कॉलेजात, संस्कृत शिकवायला होते. पुढे डेक्कन कॉलेज झालं ते हेच. नंतरच्या अभ्यासकांना ही फूट फार सरळसोट वाटली. असुराचा अर्थ भारतात हळूहळू उतरत गेला, दएवाचा इराणात वेगळ्या कारणांनी. दोन घसरणी एकाच भांडणातून झाल्या असं म्हणता येत नाही. मला स्वतःला हा सावधपणा पटतो. आणि हाउग यांच्याच कॉलेजात पुढे 1948 मध्ये संस्कृतच्या महाकोशाचं काम सुरू झालं, ज्यात प्रत्येक शब्दाचे अर्थ कालक्रमानं, कुठल्या ग्रंथात कसा वापर आहे ते दाखवून दिले जातात. पिढ्या गेल्या तरी काम ‘अ’च्या आसपास आहे, यावर लोक विनोद करतात. करू देत. अर्थाला तारीख असते, हे त्या कामानं गृहीत धरलं आहे. मराठीचे रोजच्या वापरातले कोश नेमकं हेच विसरतात.

‘असुर म्हणजे दुर्गुणी’ हा अर्थ खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दंभ, दर्प, क्रोध यांना आसुरी संपदा म्हटलं आहे आणि ज्ञानेश्वरांनी 1290 साली ते मराठीत सविस्तर उलगडलं. तेव्हापासून हा नैतिक अर्थ मराठीच्या हाडीमासी आहे. पण त्याच गीतेत दहाव्या अध्यायात कृष्ण म्हणतो, दैत्यांमध्ये मी प्रल्हाद आहे. म्हणजे कुळ एक आणि वृत्ती एक, हा फरक गीतेलाही करावासा वाटला. आपल्या नोंदीत तो का नसावा?

आणि दिवाळी पाहा. चतुर्दशीला पहाटे आमच्याकडे तुळशीपाशी डाव्या पायानं कारीट फोडतात, बी जिभेला लावतात, गोविंदा म्हणतात; तो नरकासुराचा वध. गोव्यात त्याचे भलेमोठे पुतळे रात्रभर मिरवून पहाटे जाळतात. लगेच पाडव्याला दुसऱ्या असुराचं स्वागत : इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. शेतकऱ्याला आपण बळीराजा म्हणतो ते याच विरोचनाच्या मुलावरून. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये या बळीला न्यायी राजा म्हणून उभं केलं, पण बायका ओवाळताना हे त्याच्या किती आधीपासून म्हणत होत्या. नरकासुराचंही तसंच. हर्षवर्धनाचा मित्र कामरूपचा भास्करवर्मा आपल्या ताम्रपटात आपलं कुळ नरकापासून अभिमानानं सांगतो. जो आम्ही पायाखाली चिरडतो तो आसामात राजघराण्याचा मूळपुरुष.

तुळजापूरची आई महिषासुरमर्दिनी. शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला म्हसोबा. या दोहोंच्या नावातलं नातं दामोदर धर्मानंद कोसंबींनी पुण्याच्या आसपास पायी हिंडून दाखवलं; कुठे देवी त्याला मारते, तर कुठे तिचं त्याच्याशी लग्न लागतं, हे त्यांनी नोंदवलं. पुरंदर तालुक्यातल्या वीरला म्हस्कोबाचं जोगेश्वरीशी माघी पौर्णिमेला लग्न लागतं. भाविक त्याला काळभैरव मानतात, आणि ते त्यांचं म्हणणं नोंदवण्याजोगं आहेच. कोल्हापूरचं नाव कोल्हासुरावरून पडलं असं करवीरमाहात्म्य सांगतं. मरताना त्यानं मागितलं की नगरी माझ्या नावानं राहू दे. देवीनं दिलं. आपली देवी जिंकलेल्याचं नाव पुसत नाही, एवढं तरी कोशानं तिच्याकडून घ्यावं.

इथवर वाचून कुणी म्हणेल, बाई, हे ठीक आहे, पण या जुन्या नावांनी आज कुणाचं काय बिघडतं? बिघडतं. झारखंडात गुमला, लोहरदगा भागात असुर नावाची जमात आहे. परंपरेनं दगडातून लोखंड गाळणारे हे लोक. त्यांची असुरी भाषा संकटात असलेल्या भाषांच्या युनेस्कोच्या यादीत आहे. दुर्गापूजेच्या दिवसांत त्यांच्यातले काही जण महिषासुराचा शोक पाळतात. त्यांच्यातल्या एखाद्या मुलीनं शाळेच्या फॉर्मवर आडनावाच्या जागी ‘असुर’ लिहायचं आणि कोशात त्याचा अर्थ ‘नीच, क्रूर’ असा वाचायचा. हिंदी कोशाची ती अडचण, असं म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. मेळघाटात कोरकू मेघनाथाचा खांब पूजतात. अकोला जिल्ह्यात पातूर तालुक्यातल्या सांगोळ्यात रावणाची काळ्या दगडाची मूर्ती आहे आणि गाव तिला मानतं. हे सगळे मराठी कोशाचे वाचक आहेत.

उलट बाजूनंही एक इशारा देते, नाहीतर माझं पत्र भलत्याच मोर्चात घुसेल. देव म्हणजे बाहेरून आलेले आणि असुर म्हणजे इथले मूळचे, असं समीकरण हल्ली तावातावानं मांडलं जातं. वरुणाला असुर म्हणणारा ऋषी आणि इंद्राला दुष्ट म्हणणारा इराणी या समीकरणात बसत नाहीत. एक ठप्पा पुसून दुसरा मारा, अशी माझी मागणी नाही. तसंच इंग्रजी ‘डेव्हिल’ आपल्या ‘देव’वरून आला हेही डोक्यातून काढावं; तो ग्रीक ‘दियाबोलोस’वरून, म्हणजे चहाडखोर या शब्दावरून आला. गंमत अशी की भारतातून शतकांपूर्वी युरोपात गेलेल्या रोमा लोकांच्या भाषेत ‘देवेल’ म्हणजे परमेश्वर, आणि तो शब्द खरोखर आपल्या ‘देव’चा भाऊ आहे. इंग्रजांच्या कानाला ते सैतानाचा धावा करताहेत असंच वाटलं असेल.

वरून खाली घसरलेले शब्दही आहेत. त्यांतला एक तर आपल्या राज्याच्या कायद्यात जाऊन बसला आहे. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या लांबलचक नावात ‘अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा’ असे शब्द आहेत. कायदा हवाच होता आणि त्याच्यासाठी मोठी किंमत मोजली गेली. पण ‘अघोर’ म्हणजे जो घोर नाही तो. शिवाच्या पाच मुखांतलं एक. यजुर्वेदातल्या रुद्राला विनवणी आहे की तुझं जे शिव, अघोर रूप आहे त्यानं आमच्याकडे पाहा. मसणात राहणाऱ्या साधूंनी ते नाव घेतलं, लोकांनी मसणाचं भय नावावर टाकलं आणि ‘न-भयंकर’चा अर्थ ‘अतिभयंकर’ झाला. वाराणसीजवळ पडावला याच अघोर परंपरेतला आश्रम कुष्ठरोग्यांची शुश्रूषा करत आला आहे. ‘अघोरी प्रथा’ वाचताना तो कुणाच्या मनात येणार? कायद्याचा शब्द बदला असं मी म्हणत नाही. कोशात ‘अघोर’खाली दोन्ही अर्थ, दोन्ही काळ, असावेत.

नालासोपाऱ्याला 1882 मध्ये ज्याच्या आज्ञालेखाचा तुकडा सापडला तो अशोक स्वतःला ‘देवानंपिय’ म्हणवतो, देवांचा लाडका. पुढच्या संस्कृत व्याकरणात ‘देवानांप्रिय इति च मूर्खे’ असा नियम आला. देवांचा लाडका म्हणजे मूर्ख. आणि अशोक ज्या ‘पासंडां’चा, म्हणजे निरनिराळ्या पंथांचा, सारखाच आदर करतो असं गिरनारच्या लेखात म्हणतो, त्यांचंच पुढे ‘पाखंड’ झालं. एका राजाचे दोन शब्द, दोन्ही उलटे झाले. बुवा, बाबा, साधू यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको; ‘ऐसे कैसे झाले भोंदू, कर्म करोनि म्हणती साधू’ हे तुकोबांनीच म्हणून ठेवलंय.

जागा नाही, हे तुमचं नेहमीचं उत्तर मला माहीत आहे. छापील कोशात ते चालून गेलं. मोबाइलच्या पडद्यावर जागेची सबब चालत नाही. ‘आजचा रूढ अर्थ तेवढा देतो’ हेही म्हणू नका, कारण आरवलीचा वेतोबा आजच रूढ आहे. तेव्हा माझं मागणं असं. अशा प्रत्येक शब्दापुढे अर्थ कुणाचा, कुठला आणि कधीचा ते लिहावं. ज्या समाजात त्या नावाची पूजा होते तो अर्थ आधी यावा, भीतीचा नंतर. ‘दुष्ट’, ‘नीच’, ‘क्रूर’ ही विशेषणं व्याख्येत न घालता ‘अमुक ग्रंथात दुष्ट मानलेला’ अशी घालावीत. नमुना म्हणून एक नोंद करून पाहिली आहे :

देवचार (पु.) 1. (सिंधुदुर्ग, गोवा) गावाच्या सीमेचा राखणदार, ज्याला गाऱ्हाणं घालून रोट वगैरे देतात. अवमान झाल्यास कोपतो असा समज. 2. (गोव्यातील ख्रिस्ती कोंकणी) सैतान. 3. (ल.) त्रास देणारा, द्वाड मुलगा.

तिसरा अर्थ आमच्या घरातला आहे. तो ठेवायचा की नाही ते आपण ठरवावं. असुराची नोंद एवढ्यात मावणार नाही. ती करायला बसाल तेव्हा वेदाचा, अवेस्तेचा आणि आदिवासी भाषांचा असे तिघे जाणकार एका टेबलाशी बोलवा, आणि एखादी म्हसोबाला नारळ देणारी शेतकरीण चौथी. पोस्टानं उत्तर आलं तर मला जास्त बरं वाटेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सावंतवाडीकडची एक निवृत्त मराठी शिक्षिका